विद्यार्थी प्रकल्प म्हणून छोटी कार्टून मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते पाच जणांचा विद्यार्थी गट कार्टून मालिका करायला घेतो तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर द्विमितीय कामावर आहे. त्रिमितीय करणाऱ्यांनाही नियोजनाचा भाग जवळजवळ तसाच उपयोगी पडेल.

मालिकाच का करावी? एक चांगला लघुपट का नको?

मनात एकच गोष्ट असेल तर लघुपटच करा. मालिकेचं बळ वेगळं असतं. तीच पात्रं, तीच जागा, तोच ढाचा, आणि दर वेळी नवी अडचण. आपल्या कल्पनेत ते बळ आहे का हे तपासायला गटानं एका बैठकीत दहा भागांचे विषय एकेका ओळीत लिहून काढावेत. सात-आठ सहज निघाले तर मालिका उभी राहते. तिसऱ्यालाच अडखळलात तर तुमच्या हातात लघुपटाचा विषय आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही.

दुसरं कारण कामाच्या हिशोबाचं आहे. मालिकेत एकदा काढलेलं पात्र, एकदा रंगवलेली खोली, एकदा बसवलेली चाल प्रत्येक भागात पुन्हा वापरता येते. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात: काय पुन्हा वापरायचं हे जो गट पहिल्या आठवड्यात ठरवतो, त्याची मालिका पूर्ण होते.

किती भाग, आणि प्रत्येक भाग किती मिनिटांचा?

तीन भाग, प्रत्येकी दीड ते दोन मिनिटांचे. दोन भागांत मालिकेचा साचा दिसत नाही आणि पाच भाग बहुतेक गटांच्या आवाक्याबाहेर जातात.

हिशोब करून पाहा. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर प्रतिमा) धरल्या तर २,८८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी १,४४० चित्रं. तीन भागांची ४,३२० चित्रं झाली. एका चित्राला दहा मिनिटं लागतात असं मानलं तर हे ७२० तास होतात, म्हणजे रोज आठ तास बसणाऱ्या एका माणसाचे ९० दिवस. यात लेखन, पार्श्वभूमी, रंग, आवाज, संकलन काहीच धरलेलं नाही. हा आकडा मार्गदर्शकांसमोर जाण्याआधी गटानं स्वतः कागदावर मांडावा. मग ‘पाच मिनिटांचे सहा भाग’ ही भाषा आपोआप मागे पडते आणि कुठे काटकसर करायची यावर नीट बोलणं सुरू होतं.

गोष्ट कशी निवडावी?

दोन पात्रं, एक जागा, एक अडचण. दोन पात्रांच्या स्वभावात विरोध हवा. एक घाईचं तर दुसरं संथ, एक सगळ्याला हो म्हणणारं तर दुसरं प्रत्येक गोष्टीत शंका काढणारं. स्वभाव पक्के असतील तर नवा भाग लिहिताना ‘आता ही दोघं काय करतील?’ एवढंच विचारावं लागतं.

गर्दी, चार पायांचे प्राणी धावताना, वाहणारं पाणी, सायकल, हातात हात घालून चालणं ही दृश्यं लिहायला एक ओळ लागते आणि काढायला आठवडे. लेखकाला अ‍ॅनिमेशन येत नसेल तर पटकथेची प्रत्येक ओळ अ‍ॅनिमेटरसोबत बसून वाचा आणि महागड्या ओळी तिथेच बदला. दाराबाहेरचा गोंधळ नुसत्या आवाजातून ऐकवला आणि आत बसलेल्या पात्राचा चेहरा दाखवला, तर पुष्कळदा दृश्य उलट जास्त परिणाम करतं.

लांबी मोजायला शब्द मोजू नका. संवाद मोठ्यानं वाचा, मधल्या हालचाली करून दाखवा आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलेला दीड मिनिटाचा भाग प्रत्यक्षात हमखास अडीच मिनिटांचा निघतो.

पात्रं डिझाइन करताना काय पाहावं?

पात्र काळ्या रंगानं पूर्ण भरून टाका. नुसत्या आकारावरून कोण ते ओळखू आलं पाहिजे. एक गोल, एक उभट अशी सुरुवात केली तरी चालते. मग तेच पात्र समोरून, पाऊण वळून, बाजूनं आणि पाठमोरं काढून मॉडेल शीट बनवा. त्यावर डोक्याच्या मापात उंची, रंगांचे नेमके क्रमांक आणि पाच-सहा चेहऱ्याचे भाव असावेत. गटात दोघं चित्रं काढणार असतील तर ही शीट नसताना तिसऱ्या शॉटपासून पात्र बदलायला लागतं.

तपशील कमी ठेवा. शर्टावरची चौकट किंवा वेणीतला प्रत्येक पेड शेकडो वेळा काढावा लागणार आहे. इथे जुन्या टीव्ही कार्टूनवाल्यांकडून शिकण्यासारखं खूप आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९५७ मध्ये स्टुडिओ काढला तेव्हा चित्रपटगृहातल्या कार्टूनच्या मानानं टीव्हीचं बजेट फारच तुटपुंजं होतं. त्यांच्या कितीतरी पात्रांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय दिसतो, त्याचं एक कारण हेच. मानेचा सांधा झाकला गेला की धड स्थिर ठेवून फक्त डोकं हलवता येतं. तुमच्या पात्रातही असा सांधा कुठे लपवता येईल ते डिझाइन करतानाच पाहा.

सेकंदाला २४ चित्रं काढावीच लागतात का?

नाही. व्हिडिओ २४ फ्रेमचा ठेवा, पण एक चित्र दोन फ्रेम धरा. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. डोळ्यांना ते सहज चालतं. संथ संवादात तीन-चार फ्रेम धरली तरी बिघडत नाही. झटक्याची हालचाल, कॅमेरा सरकत असताना चालणारं पात्र अशा ठिकाणी मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतं, नाहीतर पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात.

स्थिर चित्राची भीती बाळगू नका. जपानमध्ये ओसामू तेझुकांच्या स्टुडिओनं १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही टीव्ही मालिका दर आठवड्याला अर्ध्या तासाच्या भागात आणली, ती कमी चित्रं, लांबवर धरलेली पोझ आणि जुनी चित्रं जपून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीवर. चित्र थांबलेलं असलं तरी पोझ बोलकी असेल तर प्रेक्षक गोष्टीतच राहतो. लटकी पोझ २४ चित्रांनीही सावरत नाही.

प्रत्येक चित्र हातानं काढायचं की कटआउट रिग वापरायचं?

कटआउटमध्ये पात्राचे हात, पाय, डोकं वेगवेगळ्या लेयरवर ठेवून सांध्यांवर फिरवतात. पहिला रिग, म्हणजे पात्राचा हा सांध्यांचा सांगाडा, बसवायला वेळ लागतो, कधी कधी दोन आठवडेही जातात, पण नंतर कामाला वेग येतो. मालिकेसाठी, आणि तीही अभ्यासक्रम सांभाळून करायच्या मालिकेसाठी, माझा कौल कटआउटला आहे.

तरी सगळंच कटआउट केलं की कठपुतळीचा कोरडेपणा येतो. त्यावर उपाय असा की प्रत्येक भागात भावनेचे किंवा विनोदाचे दोन-तीन क्षण निवडा आणि तेवढेच हातानं काढा: दचकून उडणं, हसून लोळणं, एखादं मोठं वळण. प्रेक्षकाच्या लक्षात तेच राहतात. हाताचे पंजेही आठ-दहा वेगळे काढून बदलत राहा. एकच पंजा सगळीकडे फिरवला की रिग उघडा पडतो.

चित्रकला कच्ची असेल तर?

साधी शैली निवडा आणि ती शेवटपर्यंत सांभाळा. गोल डोकं, काडीसारखे हात आणि अचूक टायमिंग असलेली मालिका बघितली जाते. उत्तम रेखाटन आणि ढिसाळ टायमिंग असलेली मात्र कंटाळा आणते. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं मांडली आहेत. त्यातली तीन आधी पक्की करा: हालचालीआधीची तयारी, पोझची स्पष्टता आणि टायमिंग. पात्र उडी मारण्याआधी खाली बसलं पाहिजे. एवढं जरी प्रत्येक शॉटमध्ये पाळलं तरी काम एकदम जिवंत दिसू लागतं.

आवाज आधी रेकॉर्ड करायचा की चित्रं झाल्यावर?

आधी. नेहमी आधी. कलाकार कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर जोर देतो, त्यावर पात्राची हालचाल बसते. चित्रं आधी काढून त्यावर आवाज चढवला तर कलाकार अभिनय सोडून ओठांचा पाठलाग करत बसतो.

स्टुडिओ नसेल तर कपड्यांनी भरलेली लहान खोली निवडा. पंखा आणि फ्रीज बंद करा. माइकपासून वीतभर अंतर ठेवा, तोंड किंचित तिरकं. ४८ किलोहर्ट्झला वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. आवाज फाटण्यापेक्षा थोडा हळू आलेला परवडतो. प्रत्येक ओळ तीनदा घ्या आणि शेवटी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते.

अ‍ॅनिमॅटिक खरंच गरजेचं आहे का? आम्ही स्टोरीबोर्ड तर काढला आहे.

या पानावरचा एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या: तिन्ही भागांची अ‍ॅनिमॅटिक पूर्ण झाल्याशिवाय एकही अंतिम चित्र काढू नका.

स्टोरीबोर्डमध्ये वेळ नसतो. तीच चित्रं रेकॉर्ड केलेल्या संवादावर, ठरलेल्या सेकंदांनी लावली की अ‍ॅनिमॅटिक होतं, आणि मालिका पहिल्यांदा बघायला मिळते. कुठला शॉट लांबला, कुठे कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही, कुठला विनोद आधीच फुटला, हे सगळं तिथे दिसतं. काड्यांच्या माणसांनी केलेलं अ‍ॅनिमॅटिकही चालतं. उलट कच्चं असलं तर बरं, कारण कच्च्या चित्रावर कात्री चालवताना जीव तुटत नाही. रंगवून पूर्ण केलेला आठ सेकंदांचा शॉट गोष्टीत बसत नाही हे कळूनही कुणाला काढवत नाही, आणि मग तो सगळा भाग खाली ओढतो.

अ‍ॅनिमॅटिक गटाबाहेरच्या चार जणांना दाखवा. काहीही समजावून सांगू नका. बघून झाल्यावर ‘आवडलं का?’ विचारण्याऐवजी ‘काय घडलं ते सांग’ असं म्हणा. ते जे सांगतील तीच तुमची गोष्ट आहे. तुमच्या मनातल्या गोष्टीशी ती जुळत नसेल तर बदल करायची हीच स्वस्त वेळ.

तिन्ही भागांची एकदम का? कारण तेव्हाच दिसतं की खोलीची एकच पार्श्वभूमी अकरा शॉटना पुरते, चालण्याचं एकच चक्र (पावलांची पुन्हा पुन्हा फिरवता येणारी चित्रं) तिन्ही भागांत बसतं, आणि दुसऱ्या भागातला स्टेशनचा शॉट मात्र फक्त चार सेकंदांसाठी सगळा नवा काढावा लागणार आहे. मग एक तक्ता करा: शॉट क्रमांक, सेकंद, पात्रं, पार्श्वभूमी, पुनर्वापर आहे की नवं, कोणाकडे, कुठवर आलं. हा तक्ता रोज भरला गेला पाहिजे.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

फुकट मिळणारी साधनं विद्यार्थी मालिकेला पूर्ण पुरतात. क्रिटामध्ये चित्र काढणं सुखाचं आहे आणि अ‍ॅनिमेशनची सोयही आहे. ओपनटूंझ २०१६ मध्ये मुक्त-स्रोत, म्हणजे कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येईल असं झालं. जपानचा स्टुडिओ जिब्ली ज्या टूंझवर काम करत असे त्याचंच हे मुक्त रूप. शिकायला वेळ लागतो, पण हातानं काढलेल्या कामाला उत्तम. सिनफिग कटआउटसाठी, पेन्सिलटूडी अगदी साध्या कामासाठी. ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये द्विमितीय चित्रं त्रिमितीय जागेत ठेवता येतात, त्यामुळे कॅमेरा फिरवणं सोपं जातं. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ ब्लेंडरवरच झाला आहे. आवाजासाठी ऑडॅसिटी, संकलनासाठी केडेनलाइव्ह किंवा डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती.

गटातल्या निम्म्या लोकांना जे आधीच येतं ते निवडा. प्रकल्प सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर बदलू नका.

ओठांची हालचाल कशी जुळवायची?

सात तोंडं पुरतात: बंद ओठ, थोडं उघडं, ‘आ’चं मोठं, ‘ई’चं ताणलेलं, ‘ओ-ऊ’चं गोल, ‘फ-व’साठी खालच्या ओठावर दात, आणि ‘ल-त-द’साठी जीभ दिसणारं. प, ब, भ, म आले की ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. तिथे चूक झाली तर लहान मुलालाही कळतं. बाकी प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, नाहीतर पात्र चावत असल्यासारखं वाटतं. जोर असलेले स्वर पकडा. तोंड आवाजाच्या एखादी-दोन फ्रेम आधी उघडलं तर डोळ्यांना ते बरोबर जुळलेलं दिसतं.

आणि ओठांपेक्षा डोळे, भुवया आणि मानेकडे जास्त लक्ष द्या.

गटात काम कसं वाटावं?

‘एक भाग एकाचा’ अशी वाटणी करू नका. तीन भाग तीन वेगवेगळ्या मालिकांसारखे दिसतील आणि एक जण मागे पडला तर त्याचा भाग पडूनच राहील. कामाच्या टप्प्यांनुसार वाटा: एक जण पार्श्वभूमी, दोघं अ‍ॅनिमेशन, एक जण आवाज आणि संकलन. दिग्दर्शक एकच असावा. मतभेद झाला की त्याचा निर्णय अंतिम, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा. श्रेयनामावलीत कोणाचं नाव कुठे येणार तेही तेव्हाच लिहा. मैत्री टिकवायला या दोन कागदांचा फार उपयोग होतो.

इंटरनेटवरचं संगीत वापरलं तर चालतं का?

‘फुकट डाउनलोड होतं’ याचा अर्थ ‘वापरायला परवानगी आहे’ असा होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (निर्मात्यानं ठरावीक अटींवर सगळ्यांना दिलेली परवानगी) असेल तर तो नीट वाचा. ज्यात फेरबदलाला मनाई आहे असं संगीत मुळीच घेऊ नका, कारण संगीत चित्राशी जुळवणं हाच त्या परवान्यानुसार फेरबदल ठरतो. व्यावसायिक वापराला मनाई असलेलं संगीत घेतलंत तर पुढे मालिकेतून पैसे मिळवायचे म्हटल्यास अडचण येते. सर्वांत उत्तम म्हणजे संगीत शिकणाऱ्या एखाद्या मित्राकडून शीर्षकधून आणि चार-पाच छोटे तुकडे बनवून घ्यावेत. हक्कांबद्दल त्याच्याशी लेखी बोलणं करा. पावलं, दार, भांडी यांचे आवाज स्वतः रेकॉर्ड करा. त्यात मजाही येते आणि मालिकेला स्वतःचा पोत मिळतो.

एआयनं बनवलेली चित्रं चालतील का?

आधी संस्थेचा नियम विचारा आणि वापर केलाच तर तो अहवालात लिहा. माझं मत स्पष्ट आहे: विद्यार्थी प्रकल्पात तुमचा हात आणि तुमची निवड दिसायला हवी. तेच दुसऱ्याकडून करून घेतलं तर प्रकल्पातून शिकायचं राहूनच जातं.

रेंडर करताना आणि फाइल ठेवताना काय सांभाळावं?

१,९२० गुणिले १,०८० पिक्सेल, २४ फ्रेम, पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मशीनवर एकच मांडणी. थेट व्हिडिओ रेंडर करण्याऐवजी (म्हणजे केलेल्या कामातून अंतिम व्हिडिओ फाइल काढण्याऐवजी) शॉटनुसार पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच मशीन बंद पडलं तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि तिथून पुढे चालू करता येतं. फाइलच्या नावात भाग, शॉट आणि आवृत्तीचा क्रमांक असावा. ‘फायनल’ हा शब्द कुठल्याच फाइलला देऊ नका. कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी.

मुलांसाठी मालिका करताना काही खास काळजी?

झपाझप चमकणारे रंग टाळा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळे झोत वेगानं चमकले आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमक येऊ नये, हा वेबवरच्या सुलभतेचा मान्य नियम आहे. वीज किंवा स्फोट दाखवताना तो पाळाच. उपशीर्षकंही द्या. ऐकू न येणाऱ्या मुलांना मालिका त्यामुळेच बघता येते.

वेळ कमी पडतोय. काय कापावं?

आधी शॉट कापा, मग सावल्या आणि प्रकाशाचे बारकावे, मग पार्श्वभूमीतली हालचाल. तिसरा भागच गाळावा लागला तर दोन पूर्ण भाग आणि तिसऱ्याचं नीटनेटकं अ‍ॅनिमॅटिक द्या. आवाजाचं मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची पातळी जुळवणं, मात्र कापू नका. त्यासाठी शेवटचा पूर्ण आठवडा राखून ठेवा. साधं चित्र प्रेक्षक स्वीकारतो, पण संवाद संगीताखाली बुडाला तर बघणं सोडून देतो. मिक्स हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर, दोन्हीकडे ऐका.

सादर केल्यावर पुढे काय?

ऑनलाइन टाकण्याआधी ज्या महोत्सवांना पाठवायची आहे त्यांचे नियम वाचा. काहींना आधी प्रसिद्ध झालेलं काम चालत नाही. विद्यार्थी गटासाठी वेगळा विभाग असतो आणि पदवी मिळाल्यावर ठरावीक काळच तो खुला राहतो, म्हणून तारखा लगेच पाहा.

विद्यार्थी कामातून पुढे मोठी मालिका होणं अशक्य नाही. क्रेग मॅक्रॅकन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत शिकताना केलेल्या छोट्या फिल्ममधल्या तीन मुली १९९८ मध्ये ‘द पॉवरपफ गर्ल्स’ म्हणून टीव्हीवर आल्या. मधली वर्षं लक्षात घ्या, आणि त्यासाठी सगळं साहित्य वापरता येईल अशा अवस्थेत ठेवा: मॉडेल शीट, रिगच्या मूळ फाइल, संवाद-संगीत-परिणाम यांचे वेगवेगळे ट्रॅक, वापरलेले फॉन्ट, संगीताच्या परवान्यांच्या प्रती आणि न केलेल्या भागांच्या त्या एकेका ओळी.